प्रासंगिक कविता आणि डॉक्टरांची पंगत

मराठी साहित्याच्या वर्गात कवितेचे प्रकार शिकवताना ‘प्रासंगिक कविता’ या शब्दापाशी आले की शिकवणाऱ्याचा आवाज जरा उतरतो. सत्काराची कविता, निरोपसमारंभाची कविता, षष्ट्यब्दीपूर्तीची कविता, लग्नातली मंगलाष्टके. वाङ्मयेतिहासात या रचनांना तळटिपेपलीकडे जागा नसते, आणि वाङ्मयीन निकष लावले तर ती मागण्याचा त्यांना फारसा अधिकारही पोचत नाही. तरीही एक प्रश्न उरतो. जी रचना सामान्य आहे हे रचणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही, ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या का रचत राहतात? या प्रश्नाचा विचार करायला मला प्रवृत्त केले ते एडिंबरो शहरातील डॉक्टरांच्या दोन भोजनमंडळांच्या इतिहासाने. रॉबर्ट बर्न्सच्या पूर्वसूरींविषयी वाचत असताना मी या इतिहासापाशी पोचले. ती वाट कशी जुळली ते पुढे येईलच.

अठराव्या शतकातील एडिंबरो हे वैद्यकशिक्षणाचे युरोपातले मोठे केंद्र होते. परंतु तेथील वैद्यकव्यवसाय एकसंध नव्हता. शल्यवैद्यांची संघटना १५०५ सालची, न्हाव्यांच्या जोडीने सनद मिळवलेली. औषधोपचार करणाऱ्या फिजिशियनांचे रॉयल कॉलेज १६८१ सालचे. एकाची विद्या ग्रंथांतली, दुसऱ्याची हातातली. दोघांमधील अंतर केवळ विद्येचे नव्हते, प्रतिष्ठेचे आणि मिळकतीचेही होते. भांडणे तर इतकी विकोपाला जात की जेम्स ग्रेगरी या वैद्यकाच्या नामवंत प्राध्यापकाने हॅमिल्टन नावाच्या प्रसूतितज्ज्ञाला काठीने मारले आणि त्यापायी त्याला शंभर पौंड भरपाई द्यावी लागली. याच ग्रेगरीने पुढे १८०० च्या सुमारास रुग्णालयातील शल्यवैद्यांच्या नेमणुकांवरून जे पत्रकयुद्ध छेडले, त्याची पाने वाचताना आपल्याकडील काही वाङ्मयीन वाद सौम्य वाटू लागतात.

अशा गावात १७७३ साली अँड्र्यू डंकन या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरने ‘ॲस्क्युलापियन क्लब’ काढला. ॲस्क्युलापियस म्हणजे ग्रीक-रोमन परंपरेतील वैद्यकाचा देव, आपल्या धन्वंतरीसारखा. फिजिशियन आणि शल्यवैद्य या दोन्ही घरांतल्या मंडळींनी एका टेबलाशी बसून जेवायचे, हा या क्लबचा गाभा. डंकन हा विलक्षण उद्योगी माणूस होता. तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘एशिया’ जहाजावर शल्यवैद्य म्हणून तो चीनला जाऊन आला होता. क्लबच्याच वर्षी त्याने एक वैद्यकीय नियतकालिक सुरू केले, १७७६ मध्ये गरिबांसाठी सार्वजनिक दवाखाना काढला. संस्था काढणे हा त्याचा स्वभावच होता. १७८२ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह आणखी एक मंडळ स्थापन केले. रक्ताभिसरणाचा सिद्धान्त १६२८ मध्ये मांडणाऱ्या विल्यम हार्वीच्या नावाने ते ‘हार्वियन सोसायटी’ म्हणून ओळखले जाते. हार्वीच्या जयंतीनिमित्त वर्षातून एकदा जमायचे, विद्यार्थ्यांच्या निबंधाला पारितोषिक द्यायचे, एक व्याख्यान ऐकायचे आणि मग जेवायचे. ही दोन्ही मंडळे आजही अस्तित्वात आहेत.

हार्वियन सोसायटीचे दुसरे, घरगुती नाव होते ‘सर्क्युलेशन क्लब’. अभिसरण रक्ताचे आणि अभिसरण टेबलावरून फिरणाऱ्या बाटलीचे, असा हा दुहेरी विनोद. या क्लबच्या दप्तरातून निवडलेल्या कवितांचे एक पुस्तक १८१८ मध्ये डंकनने प्रसिद्ध केले. त्याआधी, १८०१ मध्ये, त्याने लॅटिन आणि देशी भाषा यांची सरमिसळ केलेल्या विनोदी रचनांचा एक संग्रह काढला होता. आपल्याकडे मणिप्रवाळ म्हणतात त्या जातीचा, पण पंगतीतल्या थट्टेसाठी राबवलेला हा प्रकार. पंगतीतल्या या पद्यांना काव्य म्हणून वाचू गेल्यास निराशाच पदरी पडेल. यमक ओढूनताणून जुळवलेले, कल्पना ठराविक, उपमा ग्रीक देवतांच्या कोठारातून उसनी आणलेल्या. हे सारे मान्य करूनही मला वाटते, की या पद्यांचे खरे काम कागदावर नव्हतेच. सकाळी ज्याच्याविरुद्ध पत्रक छापले त्याच्यासमोर संध्याकाळी बसायचे, तर बोलायला एक तिसरी भाषा लागते. तिच्यात खरे बोलता येते, पण ते खरे धरले जात नाही. पद्य ही तशी भाषा आहे. गद्यात जो टोला अपमान ठरला असता, तो यमकात बसला की टाळी मिळवतो.

हे मला पुस्तकावरूनच कळले असे नाही. माझे थोरले बंधू मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी भूलतज्ज्ञ आहेत. दादाच्या गावातील डॉक्टरांची महिन्यातून एकदा बैठक होते आणि वर्षातून एकदा सहकुटुंब स्नेहमेळावा. एका वर्षी मी त्या मेळाव्याला होते. बालरोगतज्ज्ञांनी हाडांच्या डॉक्टरांवर वात्रटिका म्हटल्या, हाडांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीवाल्यांवर. वैद्याला यमाचा भाऊ म्हणणारे जुने सुभाषित कुणीतरी नव्या कपड्यांत आणले. माझ्या शेजारी बसलेल्या वहिनींनी हळूच सांगितले, की समोर एकमेकांना पुरणपोळीचा आग्रह करत असलेले ते दोघे एरवी बोलत नाहीत. एकाने दुसऱ्यावर ‘कट प्रॅक्टिस’चा जाहीर आरोप केला त्याला चार वर्षे झाली. मग एक ज्येष्ठ डॉक्टर उठले. त्यांनी वर्षभरात गेलेल्या तीन सहकाऱ्यांची नावे वाचली आणि प्रत्येकाविषयी दोन-दोन ओळी म्हटल्या, बाळबोध, यमकात. त्यांतील एक नाव चाळिशीतल्या माणसाचे होते. तो कसा गेला हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होते आणि कुणीही ते कधी उच्चारले नव्हते. त्या दोन ओळींत ‘थकला’ असा एक शब्द होता. दादा टेबलावर मान खाली घालून बसला होता. टेबलावर रुग्ण दगावला की घरी येऊन हा माणूस फक्त आंघोळ करतो आणि वर्तमानपत्र वाचतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. त्याच्या वतीने कुणीतरी एक शब्द बोलले, तो तिथे.

डंकनकडे परत येताना हा प्रसंग उपयोगी पडतो, कारण त्याच्याही पद्याची दुसरी बाजू शोकाची आहे. १७७८ मध्ये चार्ल्स डार्विन नावाचा त्याचा एक विद्यार्थी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, शवविच्छेदनाच्या वेळी झालेल्या जंतुसंसर्गाने, मरण पावला. इरॅस्मस डार्विन या डॉक्टर-कवीचा हा मुलगा. उत्क्रांतिवादाच्या चार्ल्स डार्विनला याच काकाचे नाव पुढे मिळाले. पू आणि श्लेष्मा यांतील भेद ओळखण्याविषयीच्या प्रयोगांसाठी ॲस्क्युलापियन संस्थेचे पहिले पदक या मुलाला मिळाले होते. डंकनने त्याला आपल्या कुटुंबाच्या दफनस्थानात जागा दिली आणि त्याच्यावर विलापिका लिहून छापली. पुढे १८१८ च्या हार्वियन व्याख्यानात त्याने अलेक्झांडर मन्रो द्वितीय या दिवंगत शरीरशास्त्रज्ञाचे चरित्र सांगितले. थट्टेचे पद्य आणि मृत्यूचे पद्य एकाच टेबलावर, एकाच हाताने लिहिलेले. आपल्यातला माणूस नोंद न होता जाऊ द्यायचा नाही, हा या मंडळींचा अलिखित नियम दिसतो.

मात्र ‘आपल्यातला’ म्हणजे कोण? कोणत्याही मंडळाची खरी परीक्षा या प्रश्नावर होते, आणि इथेच बर्न्सचा पूर्वसूरी येतो. रॉबर्ट फर्ग्युसन हा एडिंबरोचा तरुण कवी. स्कॉट्स बोलीत त्या शहराचे रस्ते, जत्रा, गुत्ते यांना त्याने कवितेत आणले. तोही एका क्लबचा, ‘केप क्लब’चा, गाणारा सभासद होता. १७७४ मध्ये त्याचे मन ढळले होते, त्यात जिन्यावरून पडून डोक्याला मार लागला, आणि घरी सांभाळणे अशक्य झाल्यावर त्याला गावातील अनाथ-गरिबांच्या आश्रमाला जोडलेल्या वेड्यांच्या कोठडीत, ‘बेडलॅम’मध्ये, टाकण्यात आले. तेथे त्याला तपासायला जाणारा डॉक्टर म्हणजे डंकन. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, चोविसाव्या वर्षी, फर्ग्युसन तिथेच वारला. बर्न्सने पुढे स्वखर्चाने त्याच्या कबरीवर शिळा बसवली, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात नोंदलेली आहे. डंकनने बसवलेली शिळा तितकी ठाऊक नसते. १७९० मध्ये तो फिजिशियनांच्या कॉलेजचा अध्यक्ष झाला आणि १७९२ मध्ये त्याने मनोरुग्णांसाठी माणुसकीने चालवलेल्या रुग्णालयाची योजना मांडली. या विचाराचे बीज फर्ग्युसनच्या मरणात आहे, हे त्यानेच लिहून ठेवले. पैसे जमेनात. १८०६ मध्ये सरकारकडून दोन हजार पौंड मिळाले, १८०७ मध्ये सनद मिळाली, आणि १८१३ मध्ये मॉर्निंगसाइड येथे रुग्णालयाचे दार उघडले. एका कवीच्या मृत्यूनंतर एकोणचाळीस वर्षांनी. आजचे रॉयल एडिंबरो हॉस्पिटल ते हेच.

या मंडळांचे गुणगान करताना दुसरी बाजू झाकणे योग्य होणार नाही. ज्या शहरात पुरुष डॉक्टर शंभर वर्षे एकमेकांच्या आरोग्यासाठी चषक उंचावत होते, त्याच शहरात १८ नोव्हेंबर १८७० रोजी सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या सहाध्यायिनी शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघाल्या, तेव्हा सर्जन्स हॉलच्या दारात जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला आणि परीक्षेच्या दालनात एक मेंढी सोडली. पंगतीची ऊब आणि बाहेरच्याविषयीचा निष्ठुरपणा यांचे मूळ कधीकधी एकच असते. पंगत शब्दाला आपल्या भाषेत जो इतिहास आहे, तो लक्षात घेता हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १८९३ मध्ये कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली स्कॉटलंडातील कॉलेजांच्या परीक्षा देऊन आल्या, तोवर ते दार उघडले होते. पण ते क्लबांनी उघडले नव्हते.

ही परंपरा आपल्याला अगदीच परकी नाही. डंकन १८२८ मध्ये वारला, त्याच वर्षी चार्ल्स मोरहेड हा एडिंबरोचा विद्यार्थी तिथला एम.डी. झाला. तो मुंबईला आला, १८३५ मध्ये त्याने येथे ‘मेडिकल अँड फिजिकल सोसायटी’ उभी केली आणि १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजचा पहिला प्राचार्य झाला. त्या कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले भाऊ दाजी लाड कुष्ठरोगावर औषध शोधत होते आणि कालिदासाच्या काळाचाही शोध घेत होते. कवींचे म्हणाल तर पुण्याच्या रविकिरण मंडळाचा उगमही चहाच्या बैठकीतच आहे. वाङ्मयीन इतिहासात आपण मंडळाची कविता अभ्यासतो. चहाला तिच्यात किती वाटा होता हे विचारत नाही.

प्रासंगिक कवितेच्या वाट्याला येणारी उपेक्षा दूर करावी, तिला अभ्यासक्रमात आणावे, असे माझे म्हणणे नाही. निकष सैल केल्याने कुणाचे भले होत नाही. परंतु ती वाचताना प्रसंगापासून तोडून वाचू नये, एवढे मला वाटते. तिच्या ओळी म्हणजे उपस्थितीची नोंद: अमुक दिवशी आम्ही इतके होतो, अमुक एक आमच्यात नव्हता. डंकन दर वर्षी एक मे रोजी सकाळी आर्थर्स सीट ही एडिंबरोची टेकडी चढत असे. शेवटची चढण १८२७ मधली, त्याच्या वयाच्या त्र्याऐंशीच्या घरातली. त्या चढणीवरही तो पद्ये रचत असे. टेकडीला त्या पद्यांची गरज नव्हती, आणि साहित्यालाही नव्हती. पण ज्या माणसाला दर वर्षी मोजून घ्यायची सवय होती, की आपण अजून आहोत आणि कोण कोण राहिले नाही, त्याला एका कोठडीतला कवी चाळीस वर्षे विसरता आला नाही.