कोपराचं दुखणं

माझं कोपर दुखायला लागल्यापासून मला लोकांचे हातच दिसतात. चिंचणी-तारापूरकडे दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीर घेतले, तर एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी, मूठ आवळलेली, ठोका बारीक पण दिवसभर चालू. सातपाटीला जाळं ओढणारे, एमआयडीसीत पाना फिरवणारे फिटर, घरोघरी धुणं पिळणाऱ्या बायका, सगळ्यांचं तेच.

मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. तिथली कंडरा रोजच्या ताणानं झिजते आणि भरून यायच्या आत पुन्हा ताणली जाते. म्हणून दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं. २००४ मध्ये सचिन तेंडुलकर याच दुखण्यानं बाहेर बसला, तेव्हा घराघरात कोपराची चर्चा. फिटरच्या कोपराची बातमी कोण छापणार?

अर्थात सगळीच कोपरं एका कारणानं दुखत नाहीत. करंगळी-अनामिका बधिर होत असेल, तर कोपरामागची नस दबलेली असू शकते. मान वळवताच हातात कळ गेली, तर मूळ मानेत शोधावं. सांधाच सुजला, सकाळी आखडला, तर संधिवाताची तपासणी हवी.

माझं बाहेरच्या कंडरेचंच निघालं. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं लवकर आराम पडतो, पण वर्षभरानंतरचा हिशेब अनेकदा उलटाच असतो, म्हणून ते टाळलं. सध्या छोटं वजन हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम चालू आहे. कंटाळवाणा आहे. आई मात्र तेल चोळण्यावर ठाम आहे, आणि मी तेही चोळून घेतो.