एका जुन्या निकालाची फेरतपासणी

तारुण्यात मनुष्य जे अभिप्राय देतो ते बहुधा ठाम असतात. आणि ज्या विषयाचे ज्ञान अल्प, त्या विषयावरील अभिप्राय तर अधिकच ठाम असतात. आमच्या अशाच एका अभिप्रायाचा हिशेब आज वाचकांपुढे चुकता करावयाचा आहे.

आमचे मामा मुंबईस रेल्वेच्या कचेरीत होते. शम्मी कपूर यांना लोक हिंदुस्थानचा एल्व्हिस म्हणू लागले तो काळ मामांच्या ऐन विशीचा. त्या उपमेचा मागोवा घेत ते मूळ पुरुषापर्यंत जाऊन पोहोचले आणि पगारातून पैसे वाचवून त्यांनी एल्व्हिस प्रेस्लीच्या सात-आठ तबकड्या जमविल्या. पुढे १९९० साली, इंग्रजी वाङ्मय घेऊन आम्ही बी. ए. च्या वर्गात असता, सुट्टीत त्यांच्याकडे गेलो. मामांनी मोठ्या हौसेने एक तबकडी लावली. आम्ही नुकतीच चार टीकात्मक पुस्तके वाचलेली. आम्ही म्हणालो, "मामा, ज्याने जन्मात एक गाणे रचले नाही, कृष्णवर्णीय गवयांची गाणी उचलून जो गबर झाला, तो कसला कलावंत? तो तर चांगल्या आवाजाचा व्यापारी!" मामांनी सुई उचलली, तबकडी वेष्टनात घातली आणि "तुझे वाचन पुष्कळ आहे," एवढेच ते बोलले. त्यानंतर आमच्यादेखत त्यांनी ती तबकडी कधी लावली नाही.

मामा २०२१ साली गेले. मामींनी त्या तबकड्या आमच्या स्वाधीन केल्या व म्हणाल्या, "तुला द्यायला सांगितले होते. तुला गाण्यातले कळते असे ते नेहमी म्हणत." हे वाक्य आम्हांस झोंबले. कारण, खरे सांगावयाचे तर, ज्याच्याविषयी आम्ही निकाल दिला होता त्याचे गाणे आम्ही स्वस्थ बसून कधी ऐकलेच नव्हते.

ऐकावयास बसलो तेव्हा प्रथम आमचा जुना पूर्वपक्षच घेऊन बसलो. त्यातील वस्तुस्थिती खोटी नव्हती. १९५४ च्या जुलैत मेम्फिस शहरी सॅम फिलिप्स यांच्या लहानशा ध्वनिमुद्रणगृहात हा एकोणीस वर्षांचा ट्रकचालक जे पहिले नावाजलेले गाणे गायला, ते आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे होते. क्रुडप यांनी ते १९४६ सालीच मुद्रित केले होते. त्यांना हक्काच्या मोबदल्यासाठी अखेरपर्यंत झगडावे लागले आणि १९७४ साली ते निवर्तले ते पुरता मोबदला न मिळताच. इकडे १९५५ च्या नोव्हेंबरात आर. सी. ए. कंपनीने प्रेस्लीचा करार ३५,००० डॉलरांना विकत घेतला, आणि वर्षभरात हा तरुण देशभर गाजला. 'डोन्ट बी क्रुएल' हे गीत ओटिस ब्लॅकवेल यांचे. तथापि रचनाकार म्हणून प्रेस्लीचेही नाव त्यावर चढले, कारण तो वाटा दिल्यावाचून गीत घेतले जात नसे. हा डाग आहे, आणि तो आम्ही धुऊ इच्छीत नाही.

परंतु डाग हा एक प्रश्न आणि गुण हा दुसरा. आम्ही तरुणपणी या दोहोंची गल्लत केली. दुसऱ्याची रचना गाणे हा जर दोष, तर आपल्याकडील किती गवई निर्दोष ठरतील? ख्याल गाणारा बंदिश बहुधा गुरूपरंपरेने आलेलीच गातो. बालगंधर्वांनी ज्या पदांवर महाराष्ट्राला वेड लावले, त्यांच्या चाली भास्करबुवा बखले, गोविंदराव टेंबे आदिकरून मंडळींच्या. यास्तव त्यांस आपण व्यापारी म्हणत नाही. गाणाऱ्याने त्या रचनेचे काय केले, एवढेच आपण विचारतो. हा साधा न्याय आम्ही घरच्या गवयांस लावीत होतो आणि परक्यास नाकारीत होतो.

तो न्याय लावून पाहू. त्या पहिल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस बिल मन्रो या गोऱ्या गायकाचे 'ब्लू मून ऑफ केंटकी' आहे. मूळ गाणे तीन मात्रांच्या संथ झुलत्या चालीचे, विरहाचे. प्रेस्लीने ते चार मात्रांच्या द्रुत ठेक्यावर घेतले. साथीला स्कॉटी मूर यांची विजेची गिटार, बिल ब्लॅक यांचा थोरला बास आणि गायकाच्या हातची साधी गिटार, ढोल नाहीच. विरहाचे रडगाणे जाऊन तेथे प्रियेचा नाद सोडून वाटेस लागलेल्या पोराचा हुरूप येतो. मन्रो यांनी त्याच वर्षी ते गाणे पुन्हा मुद्रित केले, तेव्हा आरंभ जुन्या संथ चालीत करून पुढे त्यांनीही लय वाढविली! मूळ कर्त्याला स्वतःच्या गाण्याकडे नव्याने पाहावयास लावणे हे निव्वळ उचलेगिरीने साधत नाही. एका बाजूस कृष्णवर्णीयांचे गाणे, दुसऱ्या बाजूस गोऱ्या खेडुतांचे. ज्या दक्षिणेत दोघांच्या शाळाही वेगळ्या होत्या, तेथे एकाच कंठातून दोन्ही निघाली. क्रुडप यांचे ऋण त्याने १९५६ साली वृत्तपत्रापाशी नावानिशी कबूलही केले होते. त्या कबुलीने क्रुडप यांचे पैसे फिटले नाहीत, हेही तितकेच खरे.

सर्वच प्रयोग असे साधले असे मात्र नव्हे. 'हाउंड डॉग' हे गाणे प्रथम बिग मामा थॉर्नटन या बाईंनी गाइले. त्यात आयत्या बिळावर बसलेल्या पुरुषाला एका करारी स्त्रीने झाडले आहे. प्रेस्लीने ते दुसऱ्या एका चमूचे बदललेले शब्द घेऊन गाइले, आणि अर्थ पार उडाला. उरला तो जोर. लोकांनी १९५६ साली हेच डोक्यावर घेतले. याउलट १९६० साली नेपल्सच्या जुन्या चालीवरील 'इट्स नाउ ऑर नेव्हर' ऐकावे: अखेरचा चढा स्वर तो अशा निर्धास्तपणे घेतो, की कंबर हलवून कीर्ती मिळविली हा आक्षेप तेथेच गळून पडावा. त्याच्या गायनास मिळालेली तीन ग्रॅमी पारितोषिके तिन्ही ख्रिस्ती भक्तिगीतांबद्दलची आहेत, ही गोष्टही आम्हांस फार उशिरा कळली.

तात्पर्य, रचना हा त्याचा गुण नव्हताच. काय घ्यावे आणि घेतलेले कोणत्या अंगाने गावे, ही निवड हा त्याचा गुण. आणि येथेच, आमच्या मते, त्याच्यावरील खरा आरोप सुरू होतो. ज्याचे सारे सामर्थ्य निवडीत, त्याने निवडच दुसऱ्याच्या हाती दिली. व्यवस्थापक टॉम पार्कर यांना प्रत्येक गीताच्या उत्पन्नात वाटा हवा असे. साहजिकच वाटा न देणारे गीतकार दुरावले. १९५६ पासून १९६९ पर्यंत ३१ कथाचित्रे निघाली, आणि त्यांतील पुष्कळ गाणी ऐकवत नाहीत. १९५७ मधील कॅनडाचे थोडे कार्यक्रम सोडले, तर त्याने परदेशी कोठेही जाहीर गायन केले नाही. १९६८ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पार्कर यांना नाताळची गाणी हवी होती. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडर यांचा बेत निराळा होता, आणि या वेळी गायकाने बाइंडर यांचे ऐकले. जुन्या सोबत्यांसह बसून तो गायला, आणि पुढील वर्षी मेम्फिसमध्ये 'सस्पिशस माइंड्स'सारखी गाणी झाली. निवड परत हाती येताच गुणही परत आला. दुर्दैव असे, की ती फार दिवस हाती राहिली नाही. १६ ऑगस्ट १९७७ रोजी, अवघ्या ४२ व्या वर्षी, तो वारला.

त्याच्या मृत्यूपूर्वी सुमारे आठ आठवडे, रॅपिड सिटी या गावी चित्रित झालेले एक गीत आम्ही अलीकडे पाहिले. शरीर सुजलेले, चेहरा घामाने निथळत आहे, पियानोवर स्वतःच बसलेला. गीत अर्थातच दुसऱ्याचे. गाण्याच्या ओघात तो मध्येच हसतो. आणि मग जो स्वर लागतो, तो त्या मोडलेल्या देहातून कोठून आला हे उमगत नाही.

तीस वर्षे आम्ही वर्गात दुसऱ्यांचे काव्य शिकवीत आलो. स्वतःची एक ओळ रचली नाही. तथापि एखादी कविता आमच्या तोंडून ऐकून कोणा विद्यार्थ्याच्या मनात ती कायमची राहिली असेल, या आशेवर आमचा जीव आहे. ज्या तत्त्वावर आम्ही एल्व्हिसला बाद केले, त्या तत्त्वावर आम्हीही बादच ठरतो, हे १९९० साली आमच्या ध्यानात आले नाही. मामांच्या ते आले असावे. पण भाच्याचा पाणउतारा करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

असो. निकाल फिरविला आहे, पण ज्यांना तो सांगावयाचा ते ऐकावयास नाहीत. गेल्या महिन्यात मामी आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. त्यांना विचारून ती पहिली तबकडी लावली. जुनी झाल्यामुळे मध्ये मध्ये खरखरते. मामी म्हणाल्या, "ही बाजू झाली की ते नेहमी दुसरी लावीत." आम्ही उठून दुसरी बाजू लावली.