अठराचे चौदा

आमच्या घराच्या खिडकीत एक लोखंडी चक्री ठेवलेली आहे. तिला चौदा दाते आहेत. घरी येणारा एखादा पाहुणा ती हातात घेऊन उलटसुलट फिरवतो, तिचा टिकटिक आवाज ऐकतो आणि विचारतो, "हे काय गं?" मी म्हणते, "सायकलचे जुने फ्रीव्हील." वास्तविक ते जुने नाही. ते अवघे एक दिवस वापरलेले आहे. त्या एका दिवसाची ही हकीगत.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. गणिताला दहावीतच कोपरापासून नमस्कार केलेला. पण माणसाला गरज पडली की त्रैराशिकही आठवते! आमचे गाव पवनारच्या बाजूला, वर्ध्यापासून दहा किलोमीटरवर. घरी तीन म्हशी. बाबा रोज पहाटे दुधाच्या दोन कॅन सायकलला अडकवून वर्ध्याला रतीब घालायला जातात. पूर्वी ते पायांनीच सायकल मारीत. मग त्यांचा उजवा गुडघा कुरकुरू लागला, आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याच २६ इंची सायकलला मोटार बसवून घेतली. मोटार अडीचशे वॅटची. तिच्या दांड्यावर ९ दात्यांची लहान चक्री, मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला १८ दात्यांचे फ्रीव्हील आणि दोहोंमध्ये एक वेगळी चेन. बाबा पहिल्यांदा त्या सायकलवर बसून गावाबाहेरच्या चढावरून गेले, तेव्हा पायडल न मारता चढ चढणारे स्वतःचे पाय ते वाकून वाकून पाहत होते. ते दृश्य मी विसरलेले नाही.

सायकल एक आणि गरजू दोन. बाबा साडेसातला परतत, मग मी तीच सायकल घेऊन कॉलेजला निघत असे. पहिला तास आठचा. कॅन उतरवून, सीट खाली करून निघायला सात पस्तीस, आणि वर्धा गाठायला अर्धा तास. म्हणजे आठ वाजून पाच मिनिटे. रोज! वर्ग सुरू झालेला असताना दारात उभे राहून "सर, आत येऊ?" असे विचारण्यात काय नामुष्की असते, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. सर रागावत नसत. बोलता बोलता थांबत, मान हलवीत आणि पुन्हा बोलू लागत. ते थांबणेच मला रागावण्यापेक्षा लागे.

मग एका रात्री वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला. मोटारीचा दांडा मिनिटाला साधारण ३३० फेरे घेतो, असे मिस्त्रींनी मोटार बसवताना सांगितले होते. ९ दाते पुढे, १८ मागे. म्हणजे दांड्याचे दोन फेरे झाले की चाकाचा एक. चाकाचे फेरे १६५. चाकाचा घेर दोन मीटरांहून थोडा अधिक. तासाला झाले सुमारे २० किलोमीटर. आता १८ दात्यांच्या जागी १४ बसवले तर? चाकाचे फेरे २१२. तासाला २६ किलोमीटर! दहा किलोमीटरला अर्ध्या तासाऐवजी तेवीस मिनिटे. सात मिनिटांची कमाई. आठला दोन मिनिटे कमी असताना मी वर्गात! इतक्या सोप्या गोष्टीकडे आजवर कुणाचे लक्ष कसे गेले नाही, याचेच मला नवल वाटले.

मार्च अखेरच्या एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी सायकल घेऊन मिस्त्रींकडे गेले. त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले, चेन चिमटीत धरून हलवून पाहिली आणि म्हणाले, "ताई, स्पीड वाढन, पन जोर कमी होईन." मी त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला. अर्ध्या तासात काम झाले. चेनच्या दोन कड्या काढाव्या लागल्या. काढलेले १८ दात्यांचे फ्रीव्हील त्यांनी कागदात गुंडाळून दिले. "सांभाळून ठेवा," म्हणाले.

त्या दुपारचा तो प्रवास! पाठीवर वारा, रस्ता मोकळा, अंगावर फक्त माझ्या वहीची पिशवी. मोबाइलवर वेग पाहिला, पंचवीस! रोज मला मागे टाकून जाणारी झाडे आज मीच मागे टाकते आहे, असा काहीतरी उलटा भास झाला. घरी पोचल्यावर सहज मोटारीला हात लावला, तर चटका बसला. बॅटरीचा काटाही नेहमीपेक्षा खाली होता. उन्हामुळे असेल, असे मी स्वतःला समजावले. बॅटरी चार्जिंगला लावली. बाबांना काही बोलले नाही. त्यांना वेगाने चकित करायचे, असा माझा बेत होता.

रविवारी पहाटे बाबा नेहमीसारखे साडेपाचला निघाले. बाबांचे वजन, त्यात दोन कॅनमधले तीस लिटर दूध. सपाटीवर सायकल बरी चालली असावी. धाम नदी ओलांडून वर येताना मात्र मोटार घुमली, मंदावली आणि जळका वास येऊन बंद पडली. थोडे थांबून बाबांनी पुन्हा सुरू केली. पाचपन्नास हात गेली आणि पुन्हा थांबली. पायडल मारावे तर गुडघा ऐकेना. शेवटी त्या बापमाणसाने भरलेली सायकल हाताने ढकलत वर्धा गाठले. रतीबाच्या घरी पोचेस्तोवर ऊन चढले होते. कुणी पिशवीचे दूध आणून मोकळे झाले होते. ज्यांनी घेतले त्यांच्यापैकी दोघांकडे दूध तापवताच फाटले. अकरा वर्षांच्या रतीबात असे कधी झाले नव्हते.

बाबा घरी परतले तेव्हा अकरा वाजत आले होते. आईने उरलेल्या दुधाचे पाहायचे ते पाहिले. नासलेले दूध फडक्यात बांधून खुंटीला टांगले. त्यातले पाणी बादलीत थेंब थेंब पडत होते. बाबा ओट्यावर गुडघा धरून बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"काय केलं व माय तू सायकलले?" त्यांनी विचारले. आवाज चढलेला नव्हता.

मी सगळे सांगितले. अठरा, चौदा, सात मिनिटे, सरांचे थांबणे. बाबा ऐकत होते. सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मले सांगतलं असतं त मी अर्धा घंटा आंधी उठलो असतो."

वाचकहो, त्यांनी मला दोन थपडा मारल्या असत्या तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी कागदातले जुने फ्रीव्हील घेऊन मिस्त्रींकडे गेले आणि त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग नीट समजावून घेतला. दाते बदलल्याने मोटारीत नवी शक्ती येत नाही. असलेल्या शक्तीचा फक्त मोबदला बदलतो. अठराचे चौदा केले की चाकाला मिळणारा वेग सुमारे एकोणतीस टक्के वाढतो, पण चाकाला रेटणारा जोर बावीस टक्के घटतो. चढावर जोर अपुरा पडला की मोटार मंद फिरते, आणि मंद फिरणारी मोटार वीज अधिक ओढते. ती वीज चाकाकडे न जाता तारांच्या वेटोळ्यात उष्णता होऊन बसते. शिवाय वारा आहेच. वेग सव्वापट करायचा तर वारा कापायला लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. आणखी एक गोष्ट कळली. अडीचशे वॅटपर्यंतच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत चालणाऱ्या विजेच्या सायकलीलाच कायद्याने नोंदणीतून आणि परवान्यातून सूट आहे. म्हणजे माझ्या वहीतल्या २६च्या आकड्याने बाबांची सायकल कागदोपत्री सायकलच उरली नव्हती!

हा विषय इथेच संपायचा. पण ऑगस्टमध्ये आमच्या वर्गाची मगनवाडीतल्या मगन संग्रहालयाला भेट झाली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्‌घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. वर्ध्याची माणसे त्या दारावरून रोज जातात आणि आत क्वचित शिरतात. मीही त्यातलीच. आत तऱ्हेतऱ्हेचे चरखे पाहताना मी पेटी चरख्याजवळ थबकले. त्यात दोन चाके होती. मुठीचे मोठे चाक, त्याला दोरीने जोडलेले लहान चाक आणि त्या लहान चाकावरून दुसरी दोरी चातीकडे गेलेली. या लहान चाकाला गतिचक्र म्हणतात. हात सावकाश फिरतो आणि चाती गरगरते. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी या घडणीवर पुष्कळ खटपट केली, म्हणून याला येरवडा चक्र असेही नाव आहे. मी मनात म्हटले, अरे, हे तर माझे अठराचे चौदाच!

पण नव्हते. परत आल्यावर मी वाचनालयात शोधले. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. आठ तासांत किती सूत निघावे याची अट होतीच. पण तिच्या जोडीला दुसऱ्याही अटी होत्या. चरखा झोपडीत चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नसावी, आणि तो चालवणाऱ्या बाईला आठ तास सलग काम करूनही फार श्रम होऊ नयेत. वेग मागणाऱ्यांनी त्याच कागदावर त्या बाईच्या हाताचीही चौकशी केली होती. ते बक्षीस अखेर कुणालाच मिळाले नाही. मी मात्र माझ्या वहीचे मागचे पान उघडून पाहिले. तिथे दाते होते, फेरे होते, मिनिटे होती. बाबांचा गुडघा कुठेच नव्हता. तीस लिटर दूधही नव्हते. गणित बरोबर होते. फक्त सायकलवर मी एकटीच बसले होते.

आता सायकलला पुन्हा अठरा दाते आहेत. मी साडेचारला उठते. बाबा धार काढतात तोवर दूध गाळणे, मापून कॅनमध्ये भरणे, कॅन सायकलला अडकवणे माझ्याकडे. त्यामुळे बाबा सव्वापाचला निघतात आणि सव्वासातला परत येतात. आठच्या तासाला मी वेळेवर असते. कधीकधी सरांच्याही आधी.

परवा दूध भरताना बाबांचे लक्ष खिडकीकडे गेले. त्यांनी ते चौदा दात्यांचे फ्रीव्हील उचलले, बोटाने फिरवले आणि पुन्हा जागच्या जागी ठेवले.

"राहू दे व," ते म्हणाले. "म्हाताऱ्याची सायकल तुझी एकटीची होईन, तवा लावजो."

मी कॅनचे झाकण घट्ट बसवले.