घराची क्रियापदे

आजोबांनी घर बांधले, वडिलांनी ते वाढवले आणि मी घर घेतले. ‘घर’ या नामाला जोडून येणारी ही तीन क्रियापदे एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची आहेत. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्या तोंडी मात्र यांपैकी एकही सहज येत नाही. ती घर ‘बुक करतात’. बांधणाऱ्याचा व्यवहार माती, दगड, गवंडी आणि पाऊस यांच्याशी असे. घेणाऱ्याचा विकणाऱ्याशी असतो. बुक करणाऱ्याचा व्यवहार मात्र मुख्यतः भाषेशी असतो, कारण ज्या वस्तूसाठी तो आयुष्यभराची कमाई मोजतो ती वस्तू अजून अस्तित्वात आलेली नसते. तिचे वर्णन तेवढे असते. तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात आणि तुमच्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून शिकत आहात. आपले गाव सोडून वाढत्या शहराच्या कडेला घर शोधण्याची वेळ तुमच्यावरही येईल. त्या वेळी हातात पडणारी पत्रके, नकाशे आणि करार हेही मराठी गद्यच आहे, आणि ते आपण कवितेइतक्याच बारकाईने वाचले पाहिजे असे माझे मत आहे.

माझ्यावर ही वेळ बावन्नाव्या वर्षी आली. संस्थेने कराडहून पुण्याच्या पूर्व भागातील महाविद्यालयात बदली केली. सेवेची आठ वर्षे उरली होती आणि कर्जाचे हप्ते निवृत्तीच्या आत संपले पाहिजेत, ही बँकेची अट होती. आई एक्याऐंशी वर्षांची, गुडघ्यांनी अधू. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा. दर अकरा महिन्यांनी तिला उचलून दुसरीकडे न्यायचे हे मला मान्य नव्हते. तेव्हा घर घ्यायचे आणि एकदाच घ्यायचे, असे ठरले. कराडचे घर विकल्यावरच हा व्यवहार जुळणार होता, हे आईला ठाऊक होते. त्यावर ती काही बोलली नाही. प्रत्येक घर पाहायला मात्र मी येणार, एवढे तिने बजावले.

शोधता शोधता आम्ही नगर रस्त्याने वाघोलीपर्यंत गेलो. वाघेश्वराचे मंदिर असलेले, पिलाजीराव जाधवांच्या घराण्याशी जोडलेले हे जुने गाव २०२१ साली इतर बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. जाहिरातींत मात्र ते वाघोली नसते, ‘अप्पर खराडी’ असते. खराडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत, म्हणून तिथला भाव मोठा. त्या भावाची सावली आपल्यावर पडावी म्हणून शेजारच्या गावाने नाव उसने घ्यायचे. हे काही नवे नाही. जवळच मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द आहेत. फारसीतील ‘बुजुर्ग’ आणि ‘खुर्द’ म्हणजे थोरले आणि धाकटे. महसुलाच्या भाषेने गावांना दिलेली ती विशेषणे लोकांनी पचवली. ‘अप्पर’ पचेल की नाही ते पुढच्या पिढीच्या रिक्षावाल्यांवर अवलंबून आहे. आज केसनंद फाट्यावर उभे राहून ‘अप्पर खराडी’ म्हटले, तर रिक्षावाला आधी ‘म्हणजे वाघोलीच ना?’ असे विचारतो.

गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात गेल्यावर पहिल्यांदा लक्षात येतो तो काळ. माझ्या दृष्टीने तो व्याकरणातला काळ. ‘इथे बाग येते’, ‘समोरून साठ फुटी रस्ता जातो’, ‘मागे शाळा येतेय’, ‘मेट्रो इथूनच जाते’. मराठीत साध्या वर्तमानकाळाचा एक उपयोग संनिहित भविष्यकाळासाठी होतो, हे तुम्ही शिकला आहात: ‘मी उद्या साताऱ्याला जाते’. यातले ‘उद्या’ काढून टाकले की भविष्य वर्तमान होऊन बसते. विक्री करणारी मुले खोटे बोलत नसतात. ती फक्त कालवाचक क्रियाविशेषण गाळतात. म्हणून मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न लावत गेले: ‘कधी?’ उत्तरादाखल नकाशा पुढे येई आणि त्यावर बारीक अक्षरांत ‘प्रस्तावित’ असे लिहिलेले असे. मेट्रोचेच उदाहरण घ्या. वनाजकडून येणारी गाडी २०२४ साली रामवाडीपर्यंत पोचली. तिथून वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंतच्या मार्गाला केंद्राची मंजुरी २०२५ साली मिळाली. आम्ही घर पाहत होतो ते या दोन्हींच्या आधी, आणि त्या वेळीही मेट्रो वर्तमानकाळातच धावत होती. अंतरही तसेच. ते किलोमीटरमध्ये कोणी सांगत नाही. ‘विमानतळ पंधरा मिनिटांवर’ असे मिनिटांत सांगतात, आणि ती मिनिटे बहुधा पहाटे चारची असतात. मी माझ्या तासिकेच्या वेळेला, सोमवारी सकाळी, महाविद्यालयापासून त्या प्रकल्पापर्यंत आणि परत असा प्रवास तीनदा केला. घर ठरवण्याआधी एवढे करायला काही पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट मापाची. आमच्याकडे घराचे माप खणांत सांगत: पाच खणांचा सोपा, तीन खणांचे माजघर. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. ते लाकूड किती लांब मिळाले त्यावर ठरे. म्हणजे तेही माप लवचीक होते, पण डोळ्यांना दिसणारे होते. सदनिकेचे माप दिसत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ‘चटई क्षेत्र’ म्हणजे काय ते नेमके सांगितले आहे: आतल्या भिंतींसह वापरता येणारी जमीन, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात धरायची नाही. महाराष्ट्रात २०१७ च्या मे महिन्यापासून महारेरा हे प्राधिकरण काम करू लागले, आणि विक्री याच क्षेत्रावर व्हावी असा नियम झाला. तरीही तोंडी भाषेत जुनी सवय टिकून आहे. आम्हाला एका ठिकाणी ‘नऊशे साठचा टू बीएचके’ सांगितला. कागदावर चटई क्षेत्र सहाशे चाळीस निघाले. उरलेल्या आकड्यात जिना, उद्वाहक, प्रवेशद्वाराचा दिवाणखाना, सगळ्यांचे सगळे आले. मराठीने येथे आणखी एक गोंधळ करून ठेवला आहे. ‘चटई क्षेत्र’ म्हणजे कार्पेट एरिया, आणि ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण. दोन वेगळ्या कल्पनांच्या घरात आपण एकच चटई अंथरली आहे. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता.

नमुना सदनिका पाहताना आईने पिशवीतून सुतळी काढली. तिने निघण्यापूर्वी आपल्या पलंगाची लांबी सुतळीवर गाठ मारून घेतली होती. ती सुतळी तिने नमुन्यातल्या पलंगावर धरली. पलंग गाठीच्या एक वीत अलीकडेच संपला. मग आमच्या ध्यानात आले की त्या घरात आतल्या खोल्यांना दारेच नव्हती, म्हणून ती ऐसपैस वाटत होती. त्यानंतर आम्ही प्रत्येक खोलीत दार उघडल्यावर कुठवर येईल ते हाताने दाखवून पाहत असू.

पण आईचा खरा प्रश्न मापाचा नव्हताच. कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या गावी ऐंशी वर्षे काढलेली ती बाई. मुलगी द्यायच्या गावाबद्दलही तिच्या पिढीत पहिली चौकशी पाण्याचीच होई. एका कार्यालयात चहा येण्याआधीच तिने विचारले, ‘बाळा, पाणी कुठलं हाय हितलं?’

‘आजी, चोवीस तास पाणी आहे.’

‘किती येळ ते न्हाई इचारलं. कुठलं, ते इचारलं.’

त्या मुलाने वरिष्ठांकडे पाहिले. वरिष्ठ म्हणाले, महापालिकेचे येतेय. पुन्हा तोच वर्तमानकाळ. मी शेजारच्या, माणसे राहायला आलेल्या इमारतीत गेले आणि तिथल्या सोसायटीच्या सचिवांना भेटले. त्यांनी काही न बोलता पहारेकऱ्याच्या टेबलावरची लांबोडकी वही माझ्यापुढे सरकवली. टँकरची वही. तारीख, गाडीचा क्रमांक, आत आल्याची वेळ, दहा हजार लिटर, सही. एप्रिलची पाने मेपेक्षा कमी होती, मेची जूनइतकीच. एका दिवसाला चार-पाच नोंदी. हा खर्च देखभाल शुल्कात मिळवला जातो, आणि विक्री कार्यालयात सांगितलेल्या देखभालीच्या आकड्यात तो नसतो. घर घेण्यापूर्वी मी जेवढे म्हणून कागद वाचले, त्यांत सर्वांत प्रामाणिक गद्य त्या वहीत होते. तुम्ही कोठेही घर पाहायला गेलात तर शेजारच्या इमारतीची ही वही मागा; तीही उन्हाळ्यातली.

ज्या प्रकल्पात आम्ही शेवटी घर घेतले तिथेही टँकर येतो. त्या भागात आम्ही पाहिलेल्या सगळ्याच इमारतींत येत होता. फरक एवढाच की तिथल्या माणसाने ते पहिल्याच भेटीत सांगितले, कूपनलिकेचे पाणी वेगळ्या टाकीत साठते ते नेऊन दाखवले, आणि वही न मागता दिली. आई म्हणाली, ‘ह्यो खरं बोलतोय, हितं बघू.’

कागदपत्रांबद्दल मी लांबण लावत नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून ताब्याची जाहीर केलेली तारीख, ती किती वेळा पुढे गेली, आणि कोणते दावे चालू आहेत हे घरबसल्या पाहता येते. करार नोंदवण्यापूर्वी दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम विकसक मागू शकत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात मूलभूत दोष निघाला तर तो त्याने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. पण दोन शब्दांपाशी मला थांबावेसे वाटते. एक ‘भोगवटा’. सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून येणारा हा शब्द शहरात इमारत राहण्यायोग्य असल्याच्या दाखल्याला चिकटला: भोगवटा प्रमाणपत्र. ते नसताना राहायला गेलेली कितीतरी कुटुंबे आहेत, आणि त्यांचा भोग शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने चालू असतो. दुसरा शब्द ‘मानीव अभिहस्तांतरण’. इमारतीखालची जमीन विकसकाने सोसायटीच्या नावे करून देणे म्हणजे अभिहस्तांतरण. त्याने टाळाटाळ केली तर सोसायटीने शासनाकडे अर्ज करून मिळवायचे ते मानीव. अभिहस्तांतरण हा शब्द उच्चारतानाच दम लागतो. पण ‘मानीव’ पाहा. कोरीव, घडीव, रेखीव यांच्याच ‘ईव’ प्रत्ययाने घडलेला हा अस्सल मराठी शब्द कोणा अनामिक भाषांतरकाराने कायद्यात आणून बसवला. तो मला फार आवडतो. त्याची गरज मात्र कोणावर येऊ नये.

आम्ही बांधून पूर्ण झालेल्या, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतले. चौरस फुटाचा दर चालू बांधकामापेक्षा अधिक होता आणि परिचितांनी त्यावरून मला वेड्यात काढले. माझा हिशेब निराळा होता. चालू बांधकामावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागतो, प्रमाणपत्र मिळालेल्या घराला तो लागत नाही. ताबा लांबला असता तर भाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागले असते, आणि माझ्याकडे वर्षे आठच होती. घर माझ्या एकटीच्या नावे केल्याने मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. आणि दुसरा मजला यासाठी की वीज गेली आणि उद्वाहकाचे जनित्र चालले नाही, तरी आईला दोन माणसे खुर्चीत बसवून वर आणू शकतील. गेल्या पावसाळ्यात एकदा आणावे लागले.

आई बाल्कनीला सोपा म्हणते, कपडे वाळत घालायच्या कोरड्या बाल्कनीला परडे. तिथे तिने कुंडीत तुळस आणि गवती चहा लावला आहे. आमच्या मजल्यावर चार घरे आणि चार मातृभाषा. नांदेडच्या शेजारीणबाईंचे ‘करायलोत’ आणि आईचे ‘करायलोय’ संध्याकाळी बाकावर एकत्र बसतात. मुले मात्र खेळताना हिंदी बोलतात. उपनगरातली मराठी कशी घडते आहे हे पाहायला मला आता कोठे जावे लागत नाही.

सोसायटीच्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत मी मराठीची प्राध्यापक असल्याचे कळले, आणि महापालिकेकडे नळजोडणीसाठी द्यायच्या अर्जाचा मसुदा ओघानेच माझ्याकडे आला. ‘पाणी लवकरच येत आहे असे आम्हास कळवण्यात आले होते’ हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले. अखेर ते काढले आणि त्या जागी एप्रिल ते जून या तीन महिन्यांतील टँकरच्या नोंदींची बेरीज लिहिली. अर्ज दिला आहे. आवक क्रमांक मिळाला. वही अजून चालू आहे, आणि पहारेकरी सुट्टीवर गेला की तिच्यात नोंद आई करते.