आधी दाबून बघा

पायावर पुरळ घेऊन आलेल्या माणसाला मी लगेच बसू देत नाही. उभं राहायला सांगते आणि दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पुढून-मागून बघते. उभ्याने पोटरीच्या फुगलेल्या शिरा दिसतात. माणूस झोपला की त्या लपतात. मग काचेची स्लाइड पुरळावर दाबते. लाली पुसली गेली, तर रक्त अजून वाहिन्यांमध्येच आहे, वाहिन्या नुसत्या फुलल्यात. लाली तशीच राहिली, तर रक्त बाहेर झिरपलंय. घरी साध्या पारदर्शक ग्लासानेही हे बघता येतं. मलम कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे पायावरच का, असं सगळेच विचारतात. माणूस स्थिर उभा असला की घोट्यापाशी शिरांमधला दाब सुमारे ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, तेव्हा तो बराच उतरतो. कंडक्टर, वाहतूक पोलीस, दिवसभर ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बायका यांच्या पायांना ही उसंत कमी मिळते. रक्त तिथे रेंगाळतं, बारीक वाहिन्यांवर ताण येतो. त्यामुळे वाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराची पहिली खूण बहुधा नडगीवर उमटते. पेशंट म्हणतात, ‘रक्त खराब झालंय.’ रक्त बहुतेक वेळा ठीक असतं. कुरकुर वाहिन्यांची असते.

दाबून न जाणारं सगळंच घाबरण्यासारखं नसतं. फिलाडेल्फियाच्या शॅम्बर्ग यांनी १९०१ साली वर्णन केलेला एक विकार मी नेहमी बघते. घोट्याभोवती लाल तिखट भुरभुरावं तसे सपाट ठिपके येतात आणि मागे तपकिरी डाग राहतात. तो डाग म्हणजे झिरपलेल्या रक्तातलं लोह. दिसायला वाईट, स्वभावाने निरुपद्रवी, जायला मात्र महाचिवट.

ठिपके बोटाला उंचवट्यासारखे लागले, तर मी सावध होते. लहान मुलांमध्ये सर्दी-घशाच्या दुखण्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी नडग्यांवर आणि ढुंगणावर असं पुरळ येतं. सोबत सांधे दुखतात, पोटात कळा येतात. शोनलाइन यांनी १८३७ साली आणि हेनोख यांनी १८७४ साली वर्णन केलेला हा आजार. ‘पुरळ पायावर आणि तुम्ही लघवी तपासायला सांगता?’ आया वैतागतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण पुरळ काही आठवड्यांत आपोआप जातं. मूत्रपिंडाला धक्का पोचला असेल तर तो न दुखता, न खाजता पोचतो. म्हणून पाय स्वच्छ दिसू लागल्यावरही लघवी आणि रक्तदाब साधारण सहा महिने तपासत राहायचं. मोठ्यांमध्ये अशा पुरळाला कधी एखादं अँटिबायोटिक, कधी जंतुसंसर्ग निमित्त होतो. अनेकदा निमित्त सापडतच नाही. पेशंटला ते पटत नाही. मला मात्र आतले अवयव सुखरूप आहेत हे कळलं, की कारण न सापडल्याची फारशी चिंता वाटत नाही.

तापासोबत असे ठिपके आले आणि भराभर पसरू लागले, तर सकाळची वाट बघू नये, थेट हॉस्पिटल गाठावं. डेंगीत प्लेटलेट उतरल्यानेही असे ठिपके येतात, मेंदूच्या आवरणाच्या काही संसर्गांतही येतात. न खाजणारा, फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा वेगळा. तिथे मी कापसाचं टोक फिरवून बघते, कारण कुष्ठरोग अजून संपलेला नाही.

काचेखाली पुसल्या जाणाऱ्या पुरळांमध्ये माझा सगळ्यात जास्त वेळ खाते ती मेडिकलमधून आणलेली ट्यूब. त्यात बहुधा जहाल स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, नायट्याची ठळक कड पुसट होते आणि बुरशी आरामात मांडीपर्यंत चढते. त्यातून हल्लीची बुरशीही कोडगी. भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांत सापडलेल्या एका जातीला जपानी संशोधकांनी २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव दिलं. नेहमीच्या टर्बिनाफिनला ती अनेकदा दाद देत नाही. अशा वेळी त्वचा खरवडून पोटॅशच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते.

आजी-आजोबांना मी हळूच विचारते, ‘बिब्बा लावला होता का?’ भेगांवर किंवा काटा मोडला तिथे बिब्बा चरचरून लावतात. त्याचं तेल जिथे लागेल तिथे काळं पडतं आणि भोवती पाणी भरलेले फोड येतात. कबुली मिळते, पण आधी सुनेकडे एक नजर टाकून.

तपासणीला येण्याआधी एक करा. नव्या पुरळाभोवती बॉलपेनने गोल काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या. पित्ताची गांधी बहुधा चोवीस तासांत तिथून हलते. तिथेच ठाण मांडून बसली, तर निदान बदलतं. आणि लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून आणा, संपलेल्यासुद्धा. मला संपलेल्याच जास्त उपयोगी पडतात.