वज्राचा घाव कुठून आला

कबंध करायला घेतला की मी सुरुवात राक्षसापासून करत नाही. आधी कागदावर एक देखणा, धडधाकट पुरुष काढतो. सरळ मान, भरदार खांदे, लांब मांड्या. मग ठरवतो की इंद्राचं वज्र नेमकं कुठून आलं: टाळूच्या मधोमध, थोडं मागून, की तिरकं डाव्या कानावरून. हे एकदा पक्कं झालं की पुढचं सगळं अंग सुचत जातं. ते पक्कं नसेल तर कितीही सुळे लावा, राक्षस उभा राहत नाही.

मी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये टूलरूमला आहे, डाय फिटर. पावसाळा लागला की ड्यूटी सुटल्यावर भोसरीतल्या एका मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातो आणि गणपतीतल्या हलत्या देखाव्यासाठी राक्षस बनवतो. आमच्या पट्ट्यात हे काम करणारे बरेचसे माझ्यासारखेच. कुणी वेल्डर, कुणी मेंटेनन्सचा, कुणी पेंट शॉपचा. सार्वजनिक गणपती आणि राक्षस यांचं नातं तर अगदी सुरुवातीपासूनचं. पुण्यात भाऊसाहेब रंगारींनी १८९२ साली बसवलेली मूर्तीच मुळी राक्षसाचा वध करणाऱ्या गणपतीची आहे.

रामकथा सांगणारे बहुतेक जण कबंधाला दोन वाक्यांत उरकून शबरीकडे निघतात. मी मात्र त्याच्यापाशीच अडकलो. वाल्मीकींच्या अरण्यकांडात तो आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगतो. मूळचा तो फार रूपवान. भयंकर रूपं घेऊन वनातल्या ऋषींना घाबरवायची त्याला खोड होती. स्थूलशिरा नावाच्या ऋषींनी शाप दिला की हेच रूप तुला चिकटून राहील. पुढे त्याने तप करून ब्रह्मदेवाकडून दीर्घायुष्य मिळवलं आणि त्या वराच्या जोरावर थेट इंद्राला भिडला. इंद्राने वज्र मारलं. आता ब्रह्मदेवाचा शब्द खोटा पडता कामा नये, म्हणजे मरण येणार नाही. आणि वज्राचा घाव तर बसलेला. मग तो सगळा जोर जाणार कुठे? डोकं धडात शिरलं, मांड्या धडात शिरल्या. आता मी खायचं कसं, असं त्याने विचारलं, तेव्हा इंद्राने त्याला योजनभर लांब हात दिले आणि पोटाला दातांचं तोंड दिलं. छातीवर एकच मोठा पिंगट डोळा. जनस्थानापासून तीन कोसांवरच्या क्रौंचारण्यात राम-लक्ष्मण शिरले आणि तिथून पुढे जाताना त्यांना हा भेटला. जनस्थान म्हणजे आपलं नाशिक. आमची भोसरी आणि चाकण नाशिक रस्त्यावरच आहेत, त्यामुळे मला तो कधी परका वाटला नाही.

ही हकीकत पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मला ती ओळखीची वाटली, कारण मी दिवसभर हेच पाहतो. पत्रा डायवर ठेवतात, ब्लँक होल्डर त्याच्या कडा दाबून धरतो आणि पंच खाली येतो. होल्डर सैल असेल तर पत्रा जास्त आत ओढला जातो आणि कडेला सुरकुत्या पडतात, आम्ही म्हणतो ‘रिंकल आली’. होल्डर फार घट्ट असेल तर पत्र्याला आत यायला वावच मिळत नाही. तो जागच्या जागी ताणला जातो, पातळ होतो आणि शेवटी पंचाच्या गोलाईपाशी फाटतो. ट्रायलचा पहिला पार्ट बाहेर आला की जुने मिस्त्री त्याच्यावरून नुसता अंगठा फिरवतात आणि सांगतात की जोर कुठून आला, कुठे अडला आणि कुठे फुटला. धातू मनाला येईल तसा कधीच वाकत नाही. कबंधाच्या अंगात ब्रह्मदेवाचा वर हा घट्ट होल्डर आहे आणि वज्र हा पंच. मरण्याची वाट बंद होती म्हणून आकार बिघडला. माझ्या मते जादूने, शापाने किंवा वराने बिघडलेल्या कुठल्याही जिवाला हाच नियम लागू आहे: त्याच्यावर काय आलं आणि त्याने काय सोडलं नाही, या दोन्ही गोष्टी त्याच्या अंगावर वाचता आल्या पाहिजेत.

म्हणून वज्र मी टाळूच्या थोडं मागून आणतो. डोकं पुढे झुकत खाली जातं. हनुवटी आधी छातीच्या हाडावर टेकते, मग ते हाड आत दबतं आणि वरच्या बरगड्या दोन्हीकडे पसरतात. गळ्याची हाडं उचलली जातात. ओल्या मातीत अंगठा रुतवला की कडेची माती वर येते, तसे खांदे वर येतात. मानेची कातडी जाणार कुठे? तिच्या घड्या पडतात, खांद्यांच्या मधल्या खळग्याभोवती, एकात एक. त्या घड्या मी गोणपाटाच्या पट्ट्या खळीत भिजवून एकेक करून बसवतो आणि तिथे घाई करत नाही. प्रेक्षकाला त्या घड्यांचं कारण सांगता येणार नाही, पण या माणसाला कधीतरी मान होती हे त्याला कळतं. डोळा त्या दबलेल्या हाडाच्या जागी, जरा खाली. पापण्या तशाच, लांब. वाल्मीकींनीही त्या डोळ्याला मोठ्या पापण्या दिल्यात आणि मला तो तपशील फार मोलाचा वाटतो, कारण एवढ्या मोडतोडीत ती एक गोष्ट त्याच्या जुन्या रूपातली शिल्लक राहिली आहे.

मंडळाची पोरं मोबाइलवर परदेशी गेममधले राक्षस आणून दाखवतात. दादा, असलं काहीतरी करू या. मी बघतो, आवडीने बघतो. ‘ब्लडबॉर्न’ हा २०१५चा जपानी गेम त्यांनीच दाखवला. त्यात एका शहरात रक्ताच्या उपचाराने बरं होण्यासाठी लोक येतात आणि त्याच रक्ताने त्यांची जनावरं होतात. अर्धवट बदललेली माणसं अंगावरचे कपडे आणि हातातली हत्यारं घेऊन रस्त्यावरून हिंडतात. तो कपडा पाहूनच मी पोरांना म्हटलं, ज्याने हे केलं त्याला काम कळतं. त्याच पोरांनी दाखवलेल्या बाकीच्या चित्रांत मात्र शिंगं, काटे, दहा डोळे, लाळ. कशामुळे, तर उत्तर नाही. तयार शिंगं दुकानातही मिळतात. ती लावली की राक्षस दिसतो, पण त्याच्यावर काय गुदरलं ते दिसत नाही.

आपल्याकडे या कामाची जाण जुनी आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात कागदाच्या लगद्याचा त्राटिकेचा मुखवटा नाचतो. ती मुळात रूपवती यक्षिणी होती, अगस्तींच्या शापाने माणसं खाणारी झाली. नारायण धारपांनी भयकथेत हेच मराठी वाड्यात, मराठी माजघरात आणून बसवलं. धारपांच्या कथेतून बीज घेऊन राही बर्वे यांनी केलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ साली आला, तेव्हा मी तो पाहिला तो कारागिराच्या डोळ्यांनी. त्यात हस्तर नावाच्या देवाच्या शापाने एका म्हातारीला मरण येत नाही. नातू मोठा होऊन परततो तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेलं असतं. किती बरोबर आहे ते! मरण थांबलं म्हणून वाढ थांबत नाही, ती मिळेल तिकडून बाहेर पडते. असं कारण हाताशी आलं की रबर आणि रंगाचं काम सोपं होतं.

आकारानंतर हालचाल, आणि इथे खरी मेहनत. चौदाशे चाळीस फेऱ्यांची मोटर साठास एकच्या गिअरबॉक्सला जोडली की मिनिटाला चोवीस फेरे मिळतात. एवढ्या वेगाने हात हलला तर तो हात वाटत नाही, यंत्र वाटतं. म्हणून पुढे चेन-स्प्रॉकेटने आणखी चौपट कमी करून सहावर आणतो. दहा सेकंदांत हात एकदा बाहेर जातो आणि परत येतो. दिवसाचे पाच तास धरले तर दहा दिवसांत अठरा हजार वेळा. साध्या बोल्टवर फिरणारा सांधा एवढ्यात झिजून कुरकुरायला लागतो, म्हणून मोठ्या सांध्यांना गनमेटलचे बुश आणि कॅमवर फिरणाऱ्या रोलरला ६२०२ बेअरिंग. बोटांमधून मोटारसायकलच्या क्लच केबल ओवलेल्या असतात, ओढली की बोटं मिटतात. परत उघडायला स्टँडची स्प्रिंग. पापणीला मात्र गाडीच्या वायपरची मोटर बरी पडते.

कॅमचा आकार म्हणजे त्या राक्षसाचा स्वभाव. गोल कॅमवर हात एकसारखा जातो-येतो, जणू पंखा. कबंधाचा हात तसा चालून कसं भागेल? त्याला दिसायला एकच डोळा, तोही छातीत. त्याची शिकार चाचपून होते. मी सहा मिलिमीटरच्या प्लेटमधून असा कॅम कापून घेतो की हात आधी हळू सरकतो, मग थांबतो, पुन्हा थोडा सरकतो, पुन्हा थांबतो आणि शेवटी एकदम मिटून मागे ओढला जातो. त्या थांबण्यात भूक आहे. कॅमच्या कडेवरची ती सपाट जागा मी पेन्सिल ग्राइंडर आणि ऑइल स्टोनने जितका वेळ घासतो, तितका कंपनीतली डायही घासत नसेन. हात मागे आला की पोटातलं तोंड उघडतं. त्याच वेळी खांद्यांमधल्या घड्या किंचित ताणल्या गेल्या पाहिजेत, कारण आतल्या आत जबडा अजून डोक्याचाच आहे. त्यासाठी लेटेक्सच्या कातडीखालून वेगळी तार घेतो. मंडपातून पाहणाऱ्याला ती हालचाल जेमतेम दिसते. ती बंद ठेवून मी देखावा चालवून पाहिला आहे. तोंड तेवढं उघडमीट करणारी पेटी उरते.

योजनभर हात तीस फुटांच्या मंडपात कसे मावणार? खांद्यापासून निघालेला हात झाडांच्या बुंध्याआड जातो आणि पंजा निघतो थेट मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, लोकांच्या रांगेजवळ. मधला हात नाहीच. लोकांच्या मनात तो जोडला जातो आणि मनातला हात माझ्या चौकोनी पाइपपेक्षा कितीतरी लांब असतो. पंजापाशी लहान मुलं किंचाळतात, मग राक्षसासमोर येऊन उभी राहतात. तिथे ती किंचाळत नाहीत. एका मुलीने मला विचारलं होतं, “काका, ह्याला दुखतं का?” मी म्हटलं, “दुखत असणार, बाळा.” तिची आई म्हणाली, “राक्षस आहे तो, त्याला कसलं दुखणं.” मुलगी मात्र त्या पापण्यांकडेच बघत राहिली.

साहित्य बदलत गेलं. थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आली, आणि मला ती मनापासून पटली. थर्माकोल कोरायला सोपा, पण त्याला वजन नाही. वजन नसलेलं अंग हललं की फसवं वाटतं. कागदाचा लगदा, गोणपाट, बारीक जाळी आणि आत लोखंडी अँगल यांनी तयार झालेला हात थांबताना जरासा झोल खातो, आणि तो झोल कातडी-मांसाचा वाटतो. सुट्या भागांसाठी आमचा भरवसा कुदळवाडीच्या भंगारावर होता. वायपर मोटर, गिअरबॉक्स, चेन, सगळं तिथे हातात घेऊन, फिरवून, आवाज ऐकून घेता यायचं. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली गोदामं आणि शेड पाडली. सामान आता ऑनलाइन मागवतो, पण आवाज ऐकून मोटर निवडायची ती सोय गेली, त्याची चुटपुट आहे.

शेवटच्या भागावरून मंडळात दर वेळी चर्चा होते. राम उजवा हात तोडतो, लक्ष्मण डावा. खांद्यातली पिन सोलेनॉइड ओढतो, हात धाडकन खाली येतो, टाळ्या पडतात. पोरांचं म्हणणं, इथेच आरतीचं संगीत लावून पडदा पाडायचा. मला ते मान्य नाही. वाल्मीकींचा कबंध हात तुटल्यावरच आपल्याविषयी बोलायला लागतो. तुम्ही कोण, असं विचारतो, आपली सगळी हकीकत सांगतो, आणि म्हणतो की मला खड्ड्यात घालून जाळा, मग सीतेचा शोध कसा घ्यायचा ते सांगतो. जळाल्यावर तो मूळ रूपात उठतो आणि सुग्रीवाचं ठिकाण सांगतो: पंपा सरोवर, ऋष्यमूक पर्वत. रामाला पुढची वाट मिळते ती याच्याकडून. सीतेला नेल्यापासून दोघे भाऊ वणवण फिरतायत, जटायू गेलाय, आणि जिवंत असलेला, रस्ता माहीत असलेला हा पहिला.

म्हणून खड्ड्यातला लाल दिवा लागल्यावर दीड मिनिट मी मागून घेतलं आहे. त्या मूळ रूपाची वेगळी मूर्ती मी करत नाही. कबंधाच्या धडातूनच खालून स्क्रूवर एक डोकं वर चढतं, घड्या उलगडत जातात, खांदे खाली बसतात. आवाजाचे दोन स्पीकर ठेवले आहेत, एक पोटात आणि एक त्या डोक्यामागे. हकीकत पोटातून येते. सुग्रीवाचा पत्ता सांगायच्या वेळी आवाज वरच्या स्पीकरवर जातो. पोरांनी तालीम पाहिली आणि दीड मिनिटावर कुणी पुन्हा बोललं नाही. फक्त स्क्रूचा वेग थोडा वाढवा म्हणाले. तो मी वाढवला नाही. मान इतक्या वर्षांनी सरळ होते आहे, तिला तेवढा वेळ लागणारच.