भिंतीवरचं आरमार

सोफ्यामागच्या मोकळ्या भिंतीवर काय लावायचं, हा आपल्या पिढीचा खास प्रश्न. वारली झाली, गणपतीचे कॅनव्हास झाले, बुद्ध तर दर दुसऱ्या घरात. माझ्या मित्रमंडळींत सध्या फॅड आहे ते जपानी काकेजिकूचं. कागदावर किंवा रेशमावर उभं चित्र, वर पट्टी, खाली दांडी. काम झालं की गुंडाळायचं आणि लाकडी पेटीत ठेवून द्यायचं.

बांबू आणि चिमण्या असतील तर काही प्रश्नच नाही. पण जुन्या मालात कधीकधी युद्धनौका निघते. उगवत्या सूर्याचा झेंडा, धूर सोडणारी जहाजं, पांढऱ्या दाढीचा अ‍ॅडमिरल. कधी सम्राट आणि सम्राज्ञी, वर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं राजचिन्ह. दिसायला एकदम झकास! पण हे लोक घरात का लावत असतील?

ऑफिसच्या कामासाठी काही महिने योकोहामात होतो, तेव्हा हा प्रश्न घेऊन बराच फिरलो. पहिली किल्ली घराच्या रचनेतच मिळाली. जुन्या जपानी घरात पाहुण्यांच्या खोलीत तोकोनोमा नावाचा कोनाडा असतो. घरातली सगळ्यात मानाची जागा. काकेजिकू तिथे लागतं, आणि गंमत म्हणजे ते कायमचं नसतं. ऋतू बदलला, सण आला की चित्र बदलतं. म्हणजे कोनाड्यातलं चित्र सांगतं, आज काय आहे.

आता युद्धनौकेच्या चित्राकडे पुन्हा बघा. तो अ‍ॅडमिरल म्हणजे तोगो हेइहाचिरो आणि जहाज मिकासा. २७ आणि २८ मे १९०५ला त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने रशियाचं आरमार बुडवलं. त्यानंतर १९४५पर्यंत २७ मे हा नौदल दिन म्हणून पाळला जायचा. चित्राच्या कोपऱ्यात पिवळा, काळा, लाल, निळा असा चार त्रिकोणांचा झेंडा दिसला तर तो ‘झेड’ निशाण. साम्राज्याचं भवितव्य या एका लढाईवर आहे, प्रत्येकाने शर्थ करावी, असा संदेश तोगोने त्या निशाणाने दिला होता.

तो संदेश खलाशांसाठी होता, पण काकेजिकूवर आला की तो घरातल्या सगळ्यांसाठी झाला. प्रत्येकाने, म्हणजे जेवायला बसलेल्या पोरानेसुद्धा! माझ्या मते या चित्रांचं खरं काम हेच. ती नुसती शोभा नव्हती आणि नुसती आठवणही नव्हती. सरकारी दिनदर्शिका थेट घरातल्या मानाच्या जागेवर आणून ठेवायची, ही सोय होती.

शाळेत हेच काम जास्त कडक पद्धतीने व्हायचं. सम्राटाचं अधिकृत छायाचित्र आणि १८९०चा शिक्षणविषयक राजादेश तिथे अतिशय जपून ठेवलेले असत. आगीतून ते छायाचित्र वाचवताना शिक्षकांनी जीव गमावल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. ते छायाचित्र दुकानात मिळत नसे, ते वरून दिलं जाई. घरासाठी मात्र राजघराण्याची छापील चित्रं बाजारात होती. एक मिळायचं, दुसरं आपण हौसेने आणायचो. हौसेने आणलेल्या गोष्टीवर कोण शंका घेणार?

आणि चित्रात काय नसतं, तेही बघा. त्सुशिमात रशियाचे जवळजवळ ५,००० आणि जपानचे ११७ जण मेले. मी पाहिलेल्या काकेजिकूंवर त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. समुद्र स्वच्छ आणि सूर्य वर आलेला.

एक तरुण अधिकारी त्याच लढाईत ‘निशिन’ या जहाजावर होता. त्याची डाव्या हाताची दोन बोटं गेली. तो पुढे यामामोतो इसोरोकू म्हणून ओळखला गेला आणि डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवरचा हल्ला त्याच्या आराखड्यानुसार झाला. मधली ३६ वर्षं जपानी नौदल एकाच निर्णायक लढाईचं स्वप्न बघत होतं आणि घराघरांतले कोनाडे दर मे महिन्यात तेच दाखवत होते. मागच्या विजयाची आठवण म्हणता म्हणता पुढच्या युद्धाची तालीम होत होती.

मिकासा आजही योकोसुकाला आहे. १९२६पासून स्मारक म्हणून काँक्रीटमध्ये पक्कं बसवलेलं. डेकवर शाळेची मुलं फोटो काढतात, समोर समुद्र. मला ते जहाज आवडलं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

तर असं काकेजिकू घ्यावं का? जरूर घ्या. छपाई बघा, पेटीवरचा मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्या, ते कुठल्या दिवसासाठी होतं ते विचारा. पण घरी आल्यावर वर्षभर टांगून ठेवू नका. ज्याला दाखवायचं त्याच्यासमोर उलगडा, सगळी गोष्ट सांगा, ११७ आणि ५,०००सकट. मग गुंडाळून पेटीत ठेवा. सोफ्यामागे बांबूच बरा दिसतो.